मी बघून येतो म्हणालो

४ मार्च, बुधवार

सगळं बदललं ते आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. वेळ नक्की सांगता येते, कारण तिच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी तिच्या मागच्या घड्याळाकडे बघत होतो.

कंपास खिडकीपाशी बसली होती, प्लास्टरमधला पाय स्टुलावर. (कंपास हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेत ती फळ्यावर नुसत्या हाताने असं वर्तुळ काढायची की बाई पट्टी घेऊन मोजायला यायच्या. तेव्हापासून आख्खी गल्ली तिला कंपास म्हणते, तिची आईसुद्धा.) तिने दोन पाकिटं माझ्या दोन हातांवर ठेवली आणि म्हणाली, "तोल."

दोन्ही विद्यापीठांनी तिला घेतलं. दोन्ही! यंत्र अभियांत्रिकीला, थेट दुसऱ्या वर्षाला, कारण पदविकेत ती पहिली आलीय. पहिल्या पाचांची यादी कुणीही काढो, ही दोन नावं त्यात असतातच. एक इथून बसने दोन तासांवर. दुसरं रेल्वेने एकोणीस तास. सत्तावीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत एकाला हो म्हणायचं, की दुसरं आपोआप रद्द.

"माहितीपत्रकं दोघांची सारखीच," ती म्हणाली. "हिरवळीवर बसून हसणारी मुलं. मला मशीनवर काम करायचंय रे, हिरवळीवर नाही. आणि हा ओंडका घेऊन मी जाऊ कुठे बघायला?" प्लास्टर निघायला अजून पाच आठवडे आहेत. "तू जाऊन ये. इमारती बघू नकोस, वर्कशॉप बघ. तुला मशीन कळतं. आणि तू आकडे फिरवत नाहीस."

मी म्हणालो, "बघून येतो."

एवढंच. दोन तास की एकोणीस तास, आणि ते माझे डोळे ठरवणार.

दोन तासवालं जिंकावं असं मला वाटतं. हे इथे लिहून ठेवतो, कारण या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवूनच ती घेतली होती. पण त्याचा बघण्याशी काही संबंध नाही. बघायला गेलो की मी फक्त बघणार.

६ मार्च, शुक्रवार

मामाकडे रजा मागितली. मामाचं वर्कशॉप म्हणजे लोखंड कातायचे चार लेथ, एक ड्रिल, पाच माणसं आणि एक पंखा, तोही मामाच्या डोक्यावर. तिथे मला सगळे डिग्री म्हणतात. "ए डिग्री, तो शाफ्ट उचल." "डिग्रीला विचारा, त्याला सगळं मिळालंय, एक डिग्री सोडून." पहिले दोन महिने मी दर वेळी पाना उगारायचो. आता नुसते कान तापतात.

"विद्यापीठं बघायला?" मामा म्हणाला. "एक होतं ते बघवलं नाही, आता दोन-दोन?"

"माझ्यासाठी नाही."

"मग?"

"ओळखीची आहे एक."

मामाने चष्म्यावरून बघितलं आणि मागे वळून ओरडला, "ऐकलं का रे, ओळखीची आहे म्हणे!" चारही लेथ बंद पडले. मी पाना शोधत होतो, तेवढ्यात रजा मिळाली.

जेवताना बाबा आईला म्हणाले, "साहेब कुठे निघालेत, विचार." मी समोर बसलेला. चौदा महिने झाले, बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात. आई म्हणाली, "तो समोरच आहे, तुम्हीच विचारा." बाबा म्हणाले, "मीठ दे."

ते प्रकरणही एकदाचं लिहून टाकतो. तिसऱ्या वर्षाला पंपाच्या प्रयोगात माझी रीडिंग पुस्तकातल्या उत्तराच्या खाली आली. तीनदा केलं, तीनदा तेच. बाकीच्यांनी पुस्तकातलं उत्तर धरून उलटं गणित मांडलं आणि सह्या घेतल्या. सर मला म्हणाले, दुरुस्त करून आण. मी म्हणालो, पंप दुरुस्त करा. ते म्हणाले, बाहेर हो. मी फाइल टेबलावर आपटली आणि जो बाहेर झालो तो झालोच. गल्लीने मला माथेफिरू ठरवलं. फक्त कंपासने विचारलं, "रीडिंग बरोबर होती ना? मग झालं तर."

त्या दिवसापासून मी कामातून गेलोय.

९ मार्च, सोमवार

जवळचं बघून आलो. जे दिसलं ते दिसलं तसं लिहितो.

फाटकातून आत शिरलो तर खणखणाट लांबूनच कानावर. सत्र चालू आहे, सगळीकडे मुलांची गर्दी. एका दालनात ऐंशी मुलं ऐंशी पडद्यांसमोर मान खाली घालून यंत्रांची चित्रं फिरवत होती, कुणी वर बघेना. वर्कशॉप मागच्या बाजूला. दार उघडंच, अडवायला कोणी नाही, हे मला आवडलं. मोकळं वातावरण.

बारा लेथ. एकेका लेथखालचा ट्रे लोखंडाच्या किसाने काठोकाठ भरलेला, काही ठिकाणी जमिनीवर सांडलेला. तपकिरी ढीग नुसते! मामाच्या वर्कशॉपातही एवढा कीस साचत नाही. म्हणजे काम केवढं होत असेल! एका लेथच्या चकमध्ये, म्हणजे लोखंड पकडणाऱ्या जबड्यात, अर्धवट कापलेला दांडा तसाच लावलेला होता, जणू कुणी आत्ताच चहाला उठून गेलंय. वरून जरा खरखरीत लागला. खिशात पॉलिश पेपरचा तुकडा असतोच, चार हात मारले तर खालून चक्क आरशासारखा निघाला. चार बोटांनी धरून फिरवून बघितला. हात तपकिरी झाले ते रुमालाला पुसले.

मुलं नव्हती. जेवणाची सुटी असावी. साडेअकरा वाजले होते, पण मोठ्या ठिकाणी सुट्या लवकर होत असतील.

परतीच्या बसमध्ये हिशोब केला की दर रविवारी सकाळच्या बसने निघालं तर दहाला तिच्या दारात.

१० मार्च, मंगळवार

आईने रुमाल नाकासमोर धरला. "हे कसले डाग? तीनदा साबण लावला, हलायला तयार नाहीत." मी म्हणालो, "उच्च शिक्षणाचे." आई हसली नाही.

कंपासला फोनवर एवढंच सांगितलं की दुसरं बघितल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. ती म्हणाली, "बरोबर." माझ्या आयुष्यात मला 'बरोबर' म्हणणारं एकच माणूस आहे.

१३ मार्च, शुक्रवार

लांबचं. एकोणीस नाही, एकवीस तास लागले. गाडी दोन तास एका आडगावी उभी. हे तिला सांगायलाच हवं.

वर्कशॉप म्हणजे दवाखाना! जमीन पुसलेली, लेथ पुसलेले, ब्रश खिळ्यांना ओळीने टांगलेले, ट्रे रिकामे. दोन-तीन ट्रेंत मूठ-मूठ कीस, तो चकाकणारा, ओला. मी मनात म्हटलं, पाहुणे येणार म्हणून सजवलंय. लेथचं हँडल धरलं तर मूठ इतकी गुळगुळीत की हातातून सटकली. रंग तर पार उडालेला. एवढं नावाजलेलं विद्यापीठ, साधा रंग देत नाहीत.

दोन मुली आपापले जॉब, म्हणजे कातायला घेतलेले तुकडे, फडक्यात गुंडाळून, दवाखान्यात नंबर लावावा तशा, एका मशीनपाशी उभ्या. वर्कशॉपच्या प्रमुख एक बाई आहेत, पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात. मला म्हणाल्या, "काय हवंय?"

"बघायला आलोय. एका ओळखीच्या मुलीसाठी."

"मशीन येतं?"

"येतं."

"हात दाखव मग." आणि हातात दांडा दिला. वीस मिलिमीटरला आणायचा. मी आणला. त्यांनी मायक्रोमीटर लावला. "चार शतांश मोठा. वाईट नाही. कोणत्या वर्षाला आहेस?"

"सोडलं."

"का?"

मी म्हटलं, "बघायला आलोय, मुलाखत द्यायला नाही."

त्या रागावल्या नाहीत, तीच पंचाईत. म्हणाल्या, "आमच्याकडे मधेच सोडलेल्यांना परत घेतात, परीक्षा देऊन. जूनमध्ये असते." आणि मग हातात फडकं दिलं. "मशीन पूस. इथे जो शेवटी वापरतो तो पुसतो."

पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला फडकं! माझं डोकं फिरलं. पण त्या दोन मुली बघत होत्या म्हणून पुसलं. अर्धा तास पुसलं. ब्रशने कीस काढला, तेलाचा हात फिरवला. बाईंनी येऊन बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "चकच्या मागे राहिलं."

अभियंते घडवतात की झाडूवाले, मला काही कळेना.

१४ मार्च, शनिवार, गाडीत

समोरचा गृहस्थ विचारतो, काय लिहिताय? मी म्हणालो, अहवाल.

ती तिकडे गेली तर वर्षातून दोनदा येईल. येईल तेव्हा तिच्याबरोबर तिकडच्या गोष्टी येतील, तिकडची माणसं येतील, तिकडचं हसणं येईल. मी मामाच्या लेथवर असेन. ती म्हणेल, काय म्हणतोस? मी म्हणेन, काही नाही. यापुढे माझं डोकं चालतच नाही, तिथेच अडकतं.

१६ मार्च, सोमवार

सांगितलं.

काकूंनी, म्हणजे कंपासच्या आईने, दार उघडलं. त्या परिचारिका आहेत, या आठवड्यात रात्रपाळी, डोळे सुजलेले. "आलास? चहा घे आणि तिचं डोकं खाऊन पळ. मला झोपायचंय."

कंपासने वही मांडीवर घेतली होती, मधोमध रेघ, एका बाजूला जवळचं, एका बाजूला लांबचं. मी बोलत होतो, ती लिहीत होती. जवळचं: बारा लेथ, ट्रे किसाने भरून वाहतात, चकमध्ये जॉब लावलेला, दार उघडं, दोन तास. लांबचं: सगळं झाडूनपुसून ठेवलेलं, मशीनचा रंग उडालेला, मशीन कमी आणि मुली रांगेत उभ्या, एकवीस तास.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. परत वाचून बघितलं. एकही नाही.

"शिकवणारे कसे वाटले?" तिने विचारलं.

"लांबच्या बाई जरा खाष्ट आहेत."

"खाष्ट म्हणजे?"

"म्हणजे… खाष्ट."

फडक्याचं सांगितलं नाही, माझा अपमान तिला कशाला? किसाचा रंगबिंग सांगत बसलो नाही, त्यात सांगण्यासारखं काय आहे? परीक्षेचं तर तिच्या कामाचंच नाही.

तिने वही मिटली. म्हणाली, "तू नसतास तर मी नाणं उडवलं असतं."

मी खुशीत यायला हवं होतं. आलोही. पण घरी येऊन जेवलो नाही. चहा गोड होता फार.

१९ मार्च, गुरुवार

जवळचं! तिने ठरवलं! फोनवर म्हणाली, "सत्तावीसला काकू-बिकू सगळे असताना हो म्हणून टाकते." स्वतःच्या आईला काकू म्हणते कधीकधी, माझं ऐकून. यावरून काय समजायचं ते मी समजलो.

वर्कशॉपात आज मी गाणं म्हणत होतो, असं सगळे सांगतात. "डिग्रीला डिग्री मिळाली वाटतं!" मी पाना उगारला नाही. चहा पाजला सगळ्यांना.

२३ मार्च, सोमवार

मामाने आज विचारलं. आतापर्यंत कसं विचारलं नव्हतं कोण जाणे. कामाच्या मधल्या सुटीत, डबा उघडता उघडता.

"काय रे, मग कुठलं बरं वाटलं?"

मी सांगायला लागलो. ट्रे भरलेले वगैरे. मामा जेवत होता. "कीस कसल्या रंगाचा?"

"तपकिरी."

मामा चावायचा थांबला. "तपकिरी?"

"तापला की होतो ना तपकिरी."

"तापला की पिवळसर होतो, निळा होतो. हाताला लागत नाही. तुझ्या लागला?"

मला रुमाल दिसत होता, आईच्या हातात.

"गंज तो," मामा म्हणाला. "ताजा कीस चांदीसारखा असतो, तुला मी सांगायला हवं? चौदा महिने काय बघतोयस मग?" मग हळू आवाजात, जे मामा कधी करत नाही, "आणि चकमध्ये जॉब लावून कोण उठून जातं? इथे गेलास तर मी तंगडं तोडीन."

"विसरला असेल कोणी."

"विसरला असेल." त्याने डब्याचं झाकण लावलं. "आणि ते लांबचं? चकाचक म्हणालास."

"न वापरता चकाचकच राहणार."

"मुठी?"

मी उठलो. डबा तसाच टाकून उठलो. मूठ माणसाच्या हाताने गुळगुळीत होते. रंग माणसाच्या हाताने उडतो. हे मला माहीत आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं.

नाही. तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा मी थकलेलो होतो.

२४ मार्च, मंगळवार

मामाला चार लेथपलीकडे काय माहीत? विद्यापीठात वेगळ्या जातीचं लोखंड वापरत असतील. दमट हवा असेल. एका दिवसातही गंज चढतो, मी स्वतः बघितलंय.

कंपासचा फोन दोनदा वाजला, घेतला नाही. हे पहिल्यांदाच.

२५ मार्च, बुधवार

आज फोन घेतला. ती म्हणाली, "वर्कशॉपमध्ये पहिला जॉब काय करू रे? मी एक छोटा शिकंजा, जॉब आवळून धरायचा, डिझाइन केलाय. चित्र पाठवू?"

चित्र आलं. सगळी मापं लिहिलेली, कुठे किती ढिलाई चालेल तेसुद्धा. मी ते बघत बसलो आणि मला त्या जमिनीवर सांडलेला तपकिरी ढीग दिसत होता. उद्या जातो. जाऊन बघतो. पहिल्यांदा बघितलंच नव्हतं असं समजून बघतो. कीस ताजा निघाला तर माझ्या पाया पडायला लावीन मामालाच.

२६ मार्च, गुरुवार

खणखणाट वर्कशॉपचा नव्हता. शेजारी नवं सभागृह बांधतायत, त्याच्या सळ्यांचा होता. पहिल्या खेपेला सिमेंटच्या परातीसुद्धा वाटेत पडलेल्या होत्या, मी त्यांना वळसा घालून गेलो होतो.

साडेदहा वाजले होते. आत कोणी नाही. ढीग तेच. आणि तो लेथ, चकमध्ये तोच दांडा. पॉलिश पेपरने मी घासला होता तेवढाच पट्टा उजळ, आणि त्या उजळ पट्ट्यावर चार तपकिरी ठसे. चार बोटं. घामट हाताने लोखंड धरलं की तिथेच पहिला गंज धरतो, ठसा उमटतो. मी माझी बोटं त्यावर ठेवून बघितली.

बरोबर बसली.

सतरा दिवस. सत्र चालू असताना सतरा दिवस त्या मशीनला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नाही.

बाहेर एक मुलगा भेटला, चौथ्या वर्षाचा. म्हटलं, वर्कशॉप कधी असतं? "पहिल्या वर्षी दोनदा नेलं होतं," तो म्हणाला. "आता सगळं पडद्यावरच होतं ना. आमचं सिम्युलेशन देशात पहिलं आहे." अभिमानाने म्हणाला, आणि खोटं नव्हता बोलत. ज्याला ते हवंय त्याला यासारखी जागा नसेल.

पण तिला शिकंजा करायचाय.

दुपारी परत आलो. तिच्या जिन्याच्या सहा पायऱ्या चढलो. वरून तिचा हसण्याचा आवाज आला, कुणाशी तरी फोनवर. उतरलो.

उद्या पाचपर्यंत वेळ आहे. आणि समजा, नाही सांगितलं तर? विद्यापीठ वाईट नाही. पहिल्या पाचांत आहे. ती हुशार आहे, कुठेही चमकेल. दर रविवारी मी येईन, मामाच्या लेथवर तिला शिकंजा मीच करून देईन. कुणाचं काय बिघडलं?

हे वरचं वाक्य वाचून मला त्या सरांचं तोंड आठवलं. दुरुस्त करून आण म्हणतानाचं. तोंड अगदी समजूतदार होतं त्यांचं.

२७ मार्च, शुक्रवार

सकाळी कामावर गेलो, मला वाटलं हात चालू राहिले तर डोकं गप्प बसेल. पंपाचा शाफ्ट सात शतांश बारीक केला. गेला भंगारात. मामाने शाफ्ट बघितला, मला बघितलं. ओरडला नाही. म्हणाला, "जा."

"कुठे?"

"मला विचारतोस?"

तिच्या दारात पोचलो तेव्हा पावणेचार. तिने ओठांवर बोट ठेवलं. काकू रात्रपाळीहून येऊन आतल्या खोलीत झोपलेल्या. टेबलावर लॅपटॉप उघडा, विद्यापीठाचं पान उघडं, नाव-पत्ता सगळं भरलेलं. "आई उठली की दाबते," ती कुजबुजली. "बस."

मी बसलो नाही. "दाबू नकोस."

"काय?"

"जवळचं दाबू नकोस. तिथे मशीन चालत नाहीत."

आयुष्यात कधी मी कुजबुजत भांडलो नव्हतो. घसा फाटायला आला. काल जाऊन आलो, ठसे, सभागृह, तो मुलगा, सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "कीस तपकिरी होता हे तुला नऊ तारखेला दिसलं होतं?"

"हो."

"आणि दांडा खरखरीत होता. म्हणून पॉलिश पेपर मारलास."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

मी घड्याळाकडे बघायला लागलो. ती म्हणाली, "इकडे बघ."

मग सांगितलं. कसं सांगितलं ते लिहीत नाही. दोन वाक्यं होती, दुसरं पुरं झालं नाही. कुजबुजत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती, पण काकू झोपल्या होत्या.

तिचे कान लाल झाले. मला वाटलं रडेल. रडली नाही. दात आवळून म्हणाली, "हे चार तारखेला सांगितलं असतंस तर मी तुला पाठवलंच नसतं. दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं असतं. गाढवा."

"हो."

"आता दोन्हींबद्दल माझ्याकडे आहे काय? तुझा शब्द. पहिला खोटा. दुसरा कशावरून खरा? मला लांब पाठवून तू मोठा होशील म्हणून नसेल कशावरून?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी कमालीचा चिडलो, आणि ती बरोबर होती.

"मूळ नोंदी कुठायत?" ती म्हणाली. "तू लिहून ठेवतोस. बघितलं त्याच दिवशी लिहितोस, मला माहितीय."

"त्यात दुसरंही आहे."

"दुसरं मला नकोय. आण."

पळत गेलो. घरात बाबा दारातच उभे होते. मी वही काढून परत पळतो आहे हे बघून थेट मलाच म्हणाले, "अरे, काय झालं?" चौदा महिन्यांत पहिल्यांदा. आणि मला थांबता आलं नाही. "आल्यावर सांगतो, बाबा," म्हणून ओरडलो.

सव्वाचारला वही तिच्या हातात. तिने पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. मी म्हणालो होतो नऊ आणि तेरा तारीख वाच. तिने सगळं वाचलं. माझ्यासमोर. मी प्लास्टरवरच्या भेगा मोजत होतो. तिने मशीनबद्दलच्या ओळींपुढे बरोबरच्या बारीक खुणा केल्या, पदविकेत रीडिंग तपासतात तशा: ब्रश, ओला कीस, मुठी, रांगेतल्या मुली, फडकं. चौदा तारखेच्या पानावर बराच वेळ गेला, तिथे खूण नाही. आत्ता वही चाळताना दिसतंय की जूनच्या परीक्षेच्या ओळीपुढेही एक आहे. घाईत झाली असावी.

"अर्धा तास पुसायला लावलं?" तिने विचारलं.

"वर म्हणतात, चकच्या मागे राहिलं."

तिच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं. हसू होतं की काय, सांगता येत नाही. "आणि मूठ खरंच सटकली हातातून?"

"सटकली."

"किती वर्षं लागतात रे तसं व्हायला?"

"मामाच्या जुन्या लेथला वीस वर्षं झाली. तो अजून तेवढा नाही."

तिने वही मिटून माझ्याकडे सरकवली. लॅपटॉप जवळ ओढला. पाचला आठ मिनिटं होती. आता दोन पानं उघडी होती, शेजारी शेजारी, दोन्हींवर तेच हिरवं बटण. आत काकूंनी कूस बदलल्याचा आवाज आला. तिने बटणावर बाण नेला, आणि थांबली.

"बाहेर जा," ती म्हणाली.

"मी काही बोलत नाही. नुसता बसतो."

"तेच नको. तुझं तोंड समोर असलं तर मी तुझ्यासाठी दाबेन, नाहीतर तुझ्यावर चिडून दाबेन. मला यातलं एकही करायचं नाही. जा."

"मग काय दाबलंस ते मला…"

"कळेल तेव्हा कळेल. जा रे, वेळ नाहीय."

मला खूप बोलायचं होतं. एकवीस तासांचा प्रवास एवढा काही वाईट नसतो, खिडकीची जागा मिळाली तर. त्या बाई खाष्ट नाहीत. शिकंज्याच्या चित्रात एक माप राहिलंय. ती माझ्याकडे बघतच नव्हती, दोन पानांकडे बघत होती, खालचा ओठ दाताखाली, फळ्यासमोर खडू घेऊन उभी राहायची तशी. त्या खोलीत मला जागा नव्हती. पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही.

वही काखेत मारली, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.